बैलाच्या खांद्याला हळद-लोणी, आपल्या खांद्याला काय?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावावर आताच दोघे बोलले, जेवणानंतर आणखी एक जण बोलणार आहेत. मला दिलेला अर्धा तास मी खांद्यावर बोलण्यासाठी मागून घेतला आहे. हसू नका. मागच्या बैठकीत हात वर करून मत घेतले, तेव्हा मी व्यासपीठावरून मोजत होतो. पन्नाशीच्या पुढचे कितीतरी हात कानापर्यंत येऊन थांबले. ठरावाला विरोध होता म्हणून नव्हे. हात वर जातच नव्हते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो. हळद-लोणी लावतो, उद्या जेवायला ये म्हणून आवतण देतो. जू ज्या खांद्यावर वर्षभर राहिले त्याची आठवण ठेवणारी ही रीत आहे, चांगली आहे. पण ज्या माणसाने त्या बैलामागे वखर धरला त्याच्या खांद्याचा पोळा कधी येतो? फवारणीच्या पंपात सोळा लिटर पाणी असते, म्हणजे सोळा किलो, वर पंपाचे वजन वेगळे. एकराला दहा पंप धरा. एका हाताने दांडा मारायचा, दुसऱ्याने नळी फिरवायची. बॅटरीचा पंप आला तेव्हा दांडा गेला, वजन राहिले. ज्वारी सोंगायची, पेंढ्या बांधायच्या, त्या खालून वर गाडीत फेकायच्या. कापसाची गाठोडी उचलायची. बायांचे तर विचारूच नका, शेतातले काम संपले की पाण्याचे हंडे सुरू. एवढे करून खांदा दुखला की आपण म्हणतो, वात आहे, जाईल चोळून.

मी डॉक्टर नाही. अकोल्याला शेतीची पदवी घेतली, काही वर्षे पिकांवर सल्ले दिले, मग या कामात आलो. पण गेल्या तीन वर्षांत माझ्या घरात दोन खांदे गेले. एक उशिरामुळे आणि एक घाईमुळे जाता जाता राहिला. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

दादाचा खांदा

माझा थोरला भाऊ पौषात कडब्याच्या भरल्या गाडीवरून हातावर पडला. वय बावन्न. खांद्यात कट्कन आवाज झाला आणि हात उचलेना. तालुक्याला एका दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, मुका मार आहे, गोळ्या घ्या. गोळ्या घेतल्या. मग हाडवैद्याकडे पंधरा दिवस चोळून झाले. मग कुणी सांगितले म्हणून खांद्यात इंजेक्शन, एक नाही, तीन. असे करता करता पोळा आला. दादाला रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हते आणि शेंदीवरून लोटा खाली घेता येत नव्हता. मी घरी गेलो की विचारायचो, तो म्हणायचा, "अरे, एक्स-रे तर चांगला आला ना?" आणि मी, शिकलेला माणूस, मीही म्हणालो, हो ना, मग काही नाही.

आठ महिन्यांनी त्याला सरकारी मेडिकल कॉलेजात नेले. तिथल्या डॉक्टरांनी दादाचा हात स्वतः धरून वर नेला, तो सहज गेला. मग सोडून म्हणाले, आता धरून ठेवा. हात धपकन खाली पडला. एमआरआय काढायच्या आधीच ते म्हणाले, कंडरा तुटली आहे. आणि एमआरआय पाहून म्हणाले, दोन तुटल्या आहेत, आत ओढल्या गेल्या आहेत, आणि त्यांच्या स्नायूंत चरबी भरली आहे. पडल्याबरोबर आला असता तर टाके घालून जोडता आल्या असत्या, आता ओढून जागेवर आणल्या तरी टिकणार नाहीत.

दादाने त्या वर्षी बैलजोडी विकली. वखर धरता येत नाही म्हणून.

एक्स-रेमध्ये हाड दिसते. कंडरा दिसत नाही. एवढी एकच गोष्ट मला त्या पौषात माहीत असती तर जोडी आज गोठ्यात असती.

खांदा म्हणजे आहे तरी काय

मांडीचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो, उखळात मुसळ बसावे तसा. खांद्याची वाटी उथळ, बशीसारखी. त्यावर दंडाच्या हाडाचा मोठा गोळा. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच तो निखळतोही. हा गोळा बशीवर धरून ठेवण्याचे काम चार स्नायू करतात. त्यांच्या टोकाला दोरासारख्या कंडरा असतात, त्या गोळ्याला समोरून, वरून आणि मागून चिकटलेल्या असतात. डॉक्टर या चौकडीला रोटेटर कफ म्हणतात. गाडीवर कडबा रचून आपण चारी बाजूंनी दोर आवळतो, तसेच समजा. एक दोर सुटला की भार त्या बाजूने सरकतो.

आता खांदा दुखतो म्हणजे काय काय असू शकते? दोर झिजला असेल, तुटला असेल. सांध्याभोवतीचे आवरण आखडले असेल. गोळा निखळला असेल, हाड मोडले असेल, सांधा झिजला असेल. किंवा दुखणे खांद्याचे नसेलच. मानेतली नस दबली तरी खांदा दुखतो. डावा खांदा, छाती आणि घाम हे एकदम आले तर ते हृदयाचे असू शकते, तेव्हा हाडाच्या डॉक्टरकडे नाही, जवळच्या मोठ्या दवाखान्यात धावायचे. आपल्याकडे खांद्याला क्षयही होतो. तो बाहेरून आखडलेल्या खांद्यासारखाच दिसतो आणि त्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन गेले तर नुकसान होते. बारीक ताप, वजन घटणे, दंड सुकत जाणे, असे असेल तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

म्हणजे पहिला प्रश्न "ऑपरेशन करायचे का" हा नाहीच. पहिला प्रश्न, रोग कोणता. पान पिवळे पडले म्हणून न पाहता औषध देणारा कृषी केंद्रवाला आपल्याला माहीत आहे. पान नत्र कमी पडल्याने पिवळे होते, पाणी साचल्याने होते, तुडतुड्याने होते. खांद्याचेही तसेच.

वहिनीचा खांदा

दादाचे झाल्यावर पुढच्याच वर्षी वहिनीचा खांदा धरला. पडणे नाही, झटका नाही, हळूहळू. वेणी घालता येईना, चोळीची गाठ मागे हात नेऊन बांधता येईना. वहिनीला आठ वर्षांपासून साखर आहे. आम्ही दुधाने पोळलेले. सरळ शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नेले, पहिल्याच दिवशी एमआरआय. अहवालात लिहिले होते, कंडरेत अर्धवट चीर. डॉक्टर म्हणाले, परवा ऑपरेशन करून टाकू, एक लाख चाळीस हजार. आणि आम्ही घरातला कापूस पडेल त्या भावात काढायला निघालो होतो, हो, मीच, जो तुम्हाला इथून घाई करू नका म्हणून सांगतो तो.

अडवले वहिनीने. म्हणाली, "भाऊजी, तुमच्या दादाले पाहिलं त्या डॉक्टरले एकदा दाखवू, मग जे व्हायचं ते होऊ द्या." गेलो. त्यांनी कागद बाजूला ठेवले. वहिनीला कोपर अंगाशी लावून हात बाहेर फिरवायला सांगितला. फिरेना. मग स्वतः फिरवून पाहिला, तरीही फिरेना. हा फरक ध्यानात ठेवा. दादाचा हात दुसऱ्याने उचलला तर वर जात होता. वहिनीचा कुणीही फिरवला तरी अडत होता, गंजलेल्या बिजागरीसारखा. याला आखडलेला खांदा, फ्रोझन शोल्डर म्हणतात. चाळीस ते साठ या वयात होतो, साखरेच्या माणसाला जास्त होतो. बहुतेकांचा एक ते तीन वर्षांत बराचसा सुटतो. वहिनीची साखर आधी ताब्यात आणली, सांध्यात एक इंजेक्शन दिले, त्या इंजेक्शनने काही दिवस साखर वाढते म्हणून रोज तपासायला लावली, आणि व्यायाम. चौदा महिने लागले. आता वेणी घालते.

मग त्या अहवालातली चीर? ती होतीच. पण वय वाढले की कंडरा झिजते, न दुखणाऱ्या खांद्याचाही एमआरआय काढला तर पुष्कळ म्हाताऱ्या माणसांत चिरा सापडतात. तुम्हाला आर्थिक नुकसानीची पातळी आम्ही शिकवली आहे. पराटीवर चार अळ्या दिसल्या म्हणून फवारणी करायची नाही, नुकसान खर्चापेक्षा जास्त होणार असेल तरच करायची. एमआरआयचा अहवाल ही अळ्यांची मोजणी आहे. फवारायचे की नाही, हे हात तपासणाऱ्याने ठरवायचे.

कधी करायचे, कधी थांबायचे

जगात यावर चांगल्या चाचण्या झाल्या आहेत, आपल्या पीक प्रयोगांसारख्याच, चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेल्या. आखडलेल्या खांद्यावर ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांची चाचणी झाली, २०२० साली प्रसिद्ध झाली. एका गटाला इंजेक्शन आणि व्यायाम, दुसऱ्याला भूल देऊन हात मोकळा करणे, तिसऱ्याला दुर्बिणीने आवरण सोडवणे. वर्षभरात तिन्ही गट सुधारले, कोणताही एक उपाय ठळकपणे सरस ठरला नाही. म्हणजे स्वस्त आणि कमी धोक्याच्या उपायापासून सुरुवात करायला हरकत नाही. महिनोन् महिने करूनही सुटला नाही तर पुढचे पाहायचे.

दुसरी चाचणी आणखी मजेची आहे. खांद्याच्या वरच्या हाडाखाली कंडरा घासते म्हणून ते हाड दुर्बिणीने तासायचे, हे ऑपरेशन जगभर लाखोंनी झाले. ब्रिटनमध्ये ३१३ रुग्ण घेतले. काहींचे हाड खरेच तासले, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींना काहीच केले नाही. तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले, दोघांत फरक नाही. २०१८ साली हे छापून आले, फिनलंडच्या चाचणीतही तेच निघाले, आणि २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या तज्ज्ञांच्या शिफारशीने असे ऑपरेशन करू नये असे स्पष्ट सांगितले. तुम्हाला कुणी "हाड वाढले आहे, तासून टाकू" एवढेच कारण सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

झिजून हळूहळू फाटलेल्या कंडरेचे काय? अमेरिकेत अशा ४५२ रुग्णांना आधी व्यायाम दिला. दोन वर्षांत चौघांतल्या एकालाही ऑपरेशन करावे लागले नाही, त्याहून कमी. ते लोक ज्वारीच्या पेंढ्या फेकत नव्हते हे मला कबूल आहे, तरी आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

पण दादासारखे असेल, चांगला चालता खांदा, पडलो, आणि त्या दिवसापासून हात उचलत नाही, तर गोष्ट उलटी. तिथे दिवस मोजायचे. दोन आठवड्यांत हात उचलू लागला नाही तर सोनोग्राफी किंवा एमआरआय मागून घ्या. चांगल्या हाताने केलेली सोनोग्राफी कंडरेची पूर्ण फाट दाखवते आणि स्वस्त पडते. अशी फाट जोडायची तर पहिल्या काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत. हाडात बारीक खुंट्या ठोकतात, अँकर म्हणतात त्यांना, आणि त्यांच्या दोऱ्याने कंडरा बांधतात. दुर्बिणीने करा की छोटा छेद घेऊन करा, दोन वर्षांनंतर निकाल सारखाच, हेही ब्रिटनच्या चाचणीत दिसले. तेव्हा जवळचा डॉक्टर छेद घेऊन चांगले करत असेल तर केवळ दुर्बिणीसाठी मुंबई गाठायची गरज नाही.

हाड मोडले तर? गळ्याखालचे हाड बहुधा झोळीत जुळते. दंडाच्या वरच्या टोकाचे हाड सरकले असले तरी पुष्कळ वेळा झोळी पुरते. ब्रिटनमध्ये अशा २५० जणांत पट्टी-स्क्रू आणि झोळी यांत दोन वर्षांनी फरक दिसला नाही. पण त्यात गोळाच निखळलेला असेल, कातडी फाटून हाड बाहेर असेल, हात गार किंवा बधिर पडला असेल, तर थांबणे नाही.

निखळलेला खांदा हाडवैद्य बसवतात, कित्येकांचा बसतोही. पण आत हाड मोडले आहे की नाही हे एक्स-रेशिवाय कळत नाही, आणि मोडलेले ओढले तर नस तुटते. तरुण पोराचा एकदा निखळला की पुन्हा पुन्हा निखळण्याची भीती मोठी. दोन-तीनदा झाले असेल तर विहिरीवर किंवा झाडावर चढताना तिसरे संकट येण्याआधी ऑपरेशनचा विचार करा. वाटीची फाटलेली कड शिवतात, आणि वाटीचे हाडच झिजले असेल तर शेजारच्या हाडाचा तुकडा आणून बसवतात.

एक खास आपल्यासाठी. रात्री-बेरात्री मोटर सुरू करताना शॉक लागतो. माणूस वाचला की आपण देवाचे आभार मानतो आणि झोपतो. शॉकने किंवा फिट येऊन खांदा मागच्या बाजूला निखळतो, आणि तो समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये चुकून चांगला दिसतो. हात पोटाशी वळलेला राहिला, बाहेर फिरतच नाही, असे असेल तर डॉक्टरांना शॉकची हकीकत सांगा आणि बाजूने किंवा काखेतून दुसरा एक्स-रे काढायला सांगा.

सांधा बदलणे हे साठी-सत्तरीतल्या, सांधा संपलेल्या माणसांसाठी. कंडरा गेल्या असतील तर गोळा आणि वाटी यांची जागा उलट करून बसवायचा सांधा असतो, १९८५ साली फ्रान्सच्या पॉल ग्रॅमोंनी तो काढला. दुखणे जाते, हात वर जातो. पण तो हात पुन्हा पोती उचलण्यासाठी नसतो. दादाला डॉक्टरांनी हेच सांगितले, म्हणून त्याने अजून केला नाही.

डॉक्टर कसा निवडायचा

बियाण्याची पिशवी घेताना आपण लॉट नंबर पाहतो, पावती आणि टॅग जपून ठेवतो. डॉक्टरचे का नाही? हाडाचा सर्जन म्हणजे एम.बी.बी.एस. नंतर एम.एस. ऑर्थो, डी.एन.बी. ऑर्थो किंवा डी. ऑर्थो. पाटीवर "फेलोशिप" असे लिहिलेले असेल तर ती कुठे, किती महिन्यांची, हे विचारा. काही वर्षभराच्या असतात, काही चार दिवसांच्या. प्रत्येक डॉक्टरची महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी हवी आणि दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण हवे. २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे हा नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पैशाच्या पावतीवर असलाच पाहिजे. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकले की नोंदणी तपासता येते. घरातल्या शिकत्या पोरीला सांगा, पाच मिनिटांचे काम आहे.

पदवी ही किमान अट झाली. गुडघे बदलणारा चांगला डॉक्टर खांद्यात चांगला असेलच असे नाही. म्हणून तोंडाने विचारा. हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता? स्वतः करणार की बाहेरून कुणी येणार? तो आल्यानंतर गेला, मग टाके आणि ताप कोण पाहणार? नाही केले तर काय होईल? केले आणि पुन्हा फाटले तर? या शेवटच्या प्रश्नावर जो म्हणतो "असे होतच नाही", तिथून उठा. जोडलेली कंडरा काही जणांत पुन्हा फाटतेच, मोठी फाट, वय, साखर, तंबाखू-बिडी यांत जास्त. प्रामाणिक डॉक्टर हे आधी सांगतो.

विचारले तर डॉक्टर चिडेल ही भीती आपल्याला असते. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, उपचार काय, धोके काय, दुसरे पर्याय काय, न केल्यास काय, हे पुरेसे सांगितल्यावर घेतलेली संमतीच खरी. कोऱ्या फॉर्मवर अंगठा देऊ नका. आपले कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचे बंधन त्याच आचारसंहितेत आहे. रुग्ण पाठवला म्हणून दलाली देणे-घेणे तिने मना केले आहे, तरी ती चालते हे आपण सगळे जाणतो. ज्याने तुम्हाला गाडीत घालून एका ठराविक दवाखान्यात नेले त्याला एकदा विचारा, त्याला त्यात काय मिळते.

पैशाचा आणि हंगामाचा हिशेब

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत २०२४ पासून राज्यातली सगळी रेशनकार्डवाली कुटुंबे आली, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत. पण दवाखाना योजनेत हवा आणि तुमचे ऑपरेशन यादीत हवे. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, अँकर किंवा सांधा त्यात धरला आहे का? योजनेत करून वर रोख मागत असतील तर तिथेच १५५३८८ वर फोन करा. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात लावणे बंधनकारक आहे, ते वाचा. खासगीत करणार असाल तर एकूण खर्च लिहून घ्या. आत बसवलेल्या वस्तूच्या खोक्यावरचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदावर चिकटवून मागा, तो आपला टॅग.

दवाखान्याचे बिल हा मात्र निम्माच खर्च. कंडरा जोडल्यावर चार ते सहा आठवडे हात झोळीत, जड काम साधारण सहा महिने बंद. फाल्गुनात केले तर पेरणी गेली, डवरणी गेली, फवारणीचे पहिले दिवसही गेले. त्या मजुरीचा हिशेब धरा, व्यायामासाठी तालुक्याला जायच्या एसटीचा धरा. पीक निघाल्यावर करू असे म्हणता येते ते झिजलेल्या, जुन्या दुखण्यात. ताज्या तुटीला हंगाम कळत नाही. आणि तीन महिने व्यायाम करायचा नसेल, किंवा दीड महिन्यात पुन्हा पंप पाठीवर घ्यायचा असेल, तर ऑपरेशन न केलेले बरे, पैसा आणि कंडरा दोन्ही जातील.

माझा वेळ संपला, चिठ्ठी आली आहे. जेवणानंतर मी मागच्या खोलीत बसतो. ज्यांच्याकडे एक्स-रे, अहवाल, बिले आहेत त्यांनी घेऊन या. मी रोग सांगणार नाही. कागद तारखेप्रमाणे लावून देतो आणि डॉक्टरला काय विचारायचे ते एका चिठ्ठीवर लिहून देतो. दादाही आला आहे, तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्यालाही विचारा, तो माझ्यापेक्षा मोकळे सांगेल.